दोनशे बारा शोधांची वही

७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

एक कोडे घालून सुरुवात करतो. कुत्र्यापुढे बिस्किटाचा तुकडा टाकला, तर पुष्कळदा तो त्याच्या पंजापासून वीतभर अंतरावर पडतो. आपल्याला लख्ख दिसतो. त्याला दिसत नाही. आणि बंद डबीतले लवंगेचे तेल दहा पावलांवरून हुंगणारे हे जनावर नाक खाली घालण्याऐवजी मान वर करून आपल्या तोंडाकडे बघत बसते. असे का? तू हे कित्येकदा पाहिले असशील.

उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला असा, की जवळची आणि न हलणारी वस्तू कुत्र्याला नीट दिसत नाही; चष्म्याच्या दुकानात दिवस काढणाऱ्या तुला हे मी काय समजावणार! शिवाय हुंगणे ही श्वासासारखी आपोआप चालणारी क्रिया नव्हे. त्यासाठी नाक मुद्दाम कामाला लावावे लागते. त्याच्या नाकपुडीच्या कडेला एक चीर असते. उच्छ्वास त्या चिरेतून मागे निघून जातो आणि समोरून येणारा वास विस्कटत नाही. केवढी देखणी योजना! पण ती चालवायला श्रम पडतात. आपला हा वास शोधण्याचा खेळ म्हणजे त्या श्रमांची गोडी लावणे, एवढेच. उत्तराचा दुसरा भाग पुन्हा केव्हातरी.

परवा माझा तपक्या तुझ्याकडे पोहोचेल. शेजारचे घड्याळजी आपल्या गाडीतून आणून सोडणार आहेत. सोबत भोके पाडलेल्या बारा पत्र्याच्या डब्या, तेलाची बाटली, कापूस, चिमटा आणि वही. रीत सोपी आहे. पाच खुर्च्या ओळीने मांडायच्या, एकीच्या बैठकीखाली डबी चिकटवायची, आणि कुत्र्याला पट्ट्याने धरून ओळीवरून न्यायचे. जिच्यापुढे तो बसेल तिथे आपण हात वर करून ‘इथे’ म्हणायचे. पहिले काही आठवडे डबी तूच लपव आणि शोधायलाही तूच ने. परक्या हातांचा गोंधळ त्याला नको.

तू फोनवर स्पष्टच म्हणालीस, ‘मामा, नुसता सांभाळायला कुत्रा मला नको. दुकान आणि घर यांतून वेळ कुठे आहे? स्पर्धेत उतरणारा असेल तर घेते.’ म्हणून वही पाठवतो आहे. चार वर्षे, दोनशे बारा शोध, त्यांपैकी दोनशे नऊ अचूक. माझ्या गुडघ्याने दगा दिला नसता आणि मुलाच्या इमारतीत कुत्र्यांना बंदी नसती, तर असे नाक मी हातचे सोडले नसते. तू नाही म्हणाली असतीस तर बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्याखेरीज मार्ग नव्हता, आणि सहा वर्षांचा कुत्रा तिथून कोण घरी नेतो?

जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
मामा


२५ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा तपकिरी पाहुणा पोहोचला. पहिल्या दिवशी त्याने घरातली प्रत्येक चप्पल तपासली, तेव्हा तुमचे जावई म्हणाले, “हा कुत्रा आहे की घरझडती?” दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याच पायावर डोकं ठेवून झोपला. आता हे पाय हलवत नाहीत आणि मला म्हणतात, “जरा पाणी देतेस का? मी कामात आहे.”

सराव तुम्ही लिहिल्याप्रमाणेच करते. दुकान बंद झालं की जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या ओळीत मांडते, डबी लपवते, त्याला आणते. मामा, दहापैकी दहा! बरोब्बर खुर्ची आली की माझ्याकडे असा बघतो, जणू म्हणतोय, ‘झालं ना मनासारखं?’ आणि टुणकन बसतो.

इथल्या वास-शोधाच्या मंडळातही नाव घातलं. अकरा जणं आहेत. डब्या लपवण्याचं काम एका निवृत्त पोस्टमनकाकांकडे असतं. ते कमी बोलतात, पण प्रत्येक डबी पत्रासारखी जपून ठेवतात. पुढच्या महिन्यात प्राथमिक फेरी आहे. त्यांनी विचारलं, “कुत्रा कितपत तयार आहे?” मी तुमची वही उघडून त्यांच्यापुढे धरली. काकांनी आदराने मान हलवली. मला इतका अभिमान वाटला!

त्यांना मी तुमचा तो किस्साही सांगितला. आठवीत तुमच्याच विज्ञानाच्या तासाला मी न घेतलेलं तापमान वहीत लिहिलं होतं, उत्तर बरोबर होतं, तरी तुम्ही सगळ्या वर्गासमोर शून्य दिलंत. “जे मोजलं नाहीस ते लिहिलंस कसं?” आई आठवडाभर तुमच्याशी बोलली नाही. मी मात्र तेव्हापासून कुणाच्याही चष्म्याचा नंबर अंदाजाने लिहिलेला नाही.

तुमची,
भिंगरी


२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीन वेळा वाचले. दहापैकी दहा!

आता वासाच्या चालीविषयी थोडे. वास सरळ रेषेत जात नाही. चुलीवरच्या पातेल्यातली वाफ आठव. ती आधी वर चढते, खिडकीच्या वाऱ्याने वाकते, कोपऱ्यात साचते. लवंगेचा वासही तसाच वागतो. डबी दुसऱ्या खुर्चीखाली असली तरी वासाचे तळे चौथीजवळ साचलेले असू शकते. चांगला कुत्रा त्या तळ्यात फसत नाही. वास दाट होत जातो त्या दिशेने उगमाकडे परततो. सभागृहात गेलीस की आधी पंखे आणि दारे कुठे आहेत ते बघून ठेव.

मंडळाच्या सरावावर फार विसंबू नकोस. घरचा सराव भक्कम आहे, तोच चालू ठेव. वही लोकांना दाखवत हिंडण्याचे मात्र कारण नाही. ती तुझ्यासाठी आहे.

त्या शून्याची आठवण अजून ठेवली आहेस, याचे नवल वाटले.

तुझा,
मामा


१८ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फेरी झाली. तिन्ही वेळा चुकलो.

शाळेचं व्यायामगृह होतं, लाकडी जमीन, पाच घडीच्या खुर्च्या. डबी कुठे आहे ते फक्त पोस्टमनकाकांना आणि पंचबाईंना ठाऊक, आणि शोध चालू असताना दोघंही पडद्यामागे. पहिल्या फेरीत तपक्या ओळीवरून एकदा गेला, परत आला, मग माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी गोंधळून थांबले. तो लगेच समोरच्या खुर्चीपुढे बसला. मी हात वर केला. चूक. दुसऱ्या वेळी तसंच. तिसऱ्या वेळी माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी वाकले, तर हा तिथेच बसला, छाती काढून! मला वाटलं, या वेळी इतका ठाम आहे तर असेलच. पंचबाईंनी पाचवी खुर्ची उलटी करून डबी दाखवली. आम्ही दुसरीपाशी होतो.

मागून कुणीतरी म्हणालं, “दोनशे नऊ म्हणे!” हशा पिकला. तपक्याला वाटलं कौतुक चाललंय. तो शेपटी हलवत सगळ्यांना भेटून आला.

मामा, काय चुकलं असेल? तुम्ही त्याला चार वर्षं ओळखता. मला नीट सांगा. मे महिन्यात आणखी एक संधी आहे.

तुमची,
भिंगरी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खचून जाऊ नकोस. कारणे अनेक संभवतात. आपण ती एकेक करून तपासू.

पहिले कारण लाकडी जमीन. ती वास शोषते आणि आदल्या स्पर्धेचा अंश कित्येक दिवस सोडत राहते. दुसरे, व्यायामगृहाचे छत उंच असते. उबदार हवा वर जाते आणि वासाला सोबत नेते. तिसरे कारण मला सर्वांत अधिक संभाव्य वाटते. डब्या लपवणाऱ्याने दर वेळी हातमोजे बदलायचे असतात. तेल लागलेल्या मोज्यांनी त्याने पाचही खुर्च्या हाताळल्या असतील, तर पाचही खुर्च्यांना लवंगेचा वास लागेल, आणि मग उत्तमातला उत्तम कुत्राही भांबावेल. तुमचे पोस्टमनकाका याबाबतीत कितपत काटेकोर आहेत? तेवढी चौकशी करायला हरकत नाही.

तपक्याला दोष देऊ नकोस. त्याला तुझ्याकडेच राहू दे.

तुझा,
मामा


६ मार्च

मामा,

चौकशी केली. शनिवारी, मंडळातल्या सगळ्यांसमोर. मी विचारलं, “काका, फेरीच्या दिवशी तुम्ही मोजे बदलले होते का?” ते उठले. आतून एक कागदी पिशवी घेऊन आले. त्या दिवशीचे सगळे मोजे तिच्यात होते, प्रत्येक जोडी वेगळ्या पाकिटात, पाकिटावर वेळ आणि खुर्चीचा क्रमांक. ते म्हणाले, “बाई, मी पस्तीस वर्षं दुसऱ्याची पत्रं हाताळली. एकाचं दुसऱ्याच्या दारात कधी पडलं नाही.” मग पिशवी माझ्या हातात दिली आणि घरी गेले. त्यानंतर ते मंडळात आलेले नाहीत.

मी ती पिशवी घेऊन दुकानात बसले. एक आजोबा डोळे तपासायला आले होते. त्यांना अक्षर दिसेनासं झालं की ते तक्त्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायचे. “प? नाही? मग ष?” माझी भुवई वाचत होते. असे बरेच जण असतात, म्हणून मी तपासताना खुर्चीच्या मागे उभी राहते. त्या दिवशी सवयीने मागे सरकले, आणि तशीच थबकले.

घरी येऊन ह्यांना डबी लपवायला सांगितली. लपवून झाली की यांनी जिना उतरून खाली थांबायचं आणि मग मी तपक्याला आणायचं, म्हणजे खोलीत उत्तर माहीत असलेलं कुणीच नाही. वीस फेऱ्या केल्या. बरोबर आल्या चार. खुर्च्या पाच आहेत, मामा. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी साधारण चार आल्या असत्या.

मग मी स्वतः लपवून वीस केल्या. वीसपैकी वीस.

मग डबी लपवलीच नाही. तेलाची बाटली बाहेर ठेवली, आणि ‘तिसरी, तिसरी’ असं मनाशी घोकत ओळीवरून चालले. तो तिसरीपुढे बसला. किती खूश होता.

त्यानंतर वही पहिल्या पानापासून वाचली. इतके दिवस मी फक्त शेवटचा रकाना बघत होते. त्याच्या आधी दोन रकाने आहेत, ‘लपवणारा’ आणि ‘शोधणारा’. लपवणारा: मी. शोधणारा: मी. पानामागून पान. फक्त तीन ठिकाणी लपवणाऱ्याच्या रकान्यात ‘घ.’ आहे. घड्याळजी. बारा, एकोणीस आणि सव्वीस ऑगस्ट, ओळीने तीन शनिवार. दोनशे बारांपैकी ज्या तीन चुका आहेत, त्या त्याच. त्यानंतर ‘घ.’ कधीच आलेला नाही.

म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तरी मला लिहिलंत, ‘डबी तूच लपव आणि शोधायलाही तूच ने.’ तरी मोजे सुचवलेत.

वहीत एकही नोंद खोटी नाही. तुम्ही मला कुठल्या गोष्टीसाठी शून्य दिलं होतं, ते मी आज पुन्हा आठवत बसले आहे.

भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार उरला आहे की नाही, ते ठाऊक नाही. म्हणून तो शब्द गाळतो.

तुझी चाचणी निर्दोष आहे. तिच्यात मला एकही त्रुटी काढता येत नाही.

कोड्याच्या उत्तराचा दुसरा भाग तुला देणे लागतो. कुत्रा बिस्किट सोडून आपल्या तोंडाकडे बघतो, कारण हुंगण्याला श्रम पडतात आणि माणसाचा चेहरा आयता मिळतो. माझ्यासारखा एकटा माणूस डबी स्वतः लपवतो आणि स्वतःच शोधायला नेतो. योग्य खुर्ची आली की माझा श्वास क्षणभर अडतो, पट्टा किंचित सैल होतो, काठी अर्धी चाल थांबते. मला त्यातले काही कळत नाही. त्याला सारे कळते. चार वर्षे मी त्याला लवंग शिकवतो आहे असे मानत होतो, आणि तो मला वाचायला शिकत होता. आयुष्यभर मुलांना सांगितले, की तपासणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर ती तपासणी नव्हे. तेच मी स्वतःच्या ओसरीवर विसरलो. ही चूक मान्य करणे मला जड नाही. ती अज्ञानाची होती.

सव्वीस ऑगस्टनंतरचे अज्ञान नव्हते. त्या दिवशी घड्याळजी हसून म्हणाले, “मास्तर, याचं घड्याळ तुमच्या किल्लीवर चालतं.” मी त्यांना पुन्हा बोलावले नाही. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, मुलाने इमारतीचा नियम सांगितला, आणि तू फोनवर तुझी अट सांगितलीस. माझ्यासमोर वही उघडीच होती. शेवटचा रकाना तुला वाचून दाखवला. नोंद खोडणे माझ्या हातून झाले नसते. तुझे लक्ष त्या दोन रकान्यांकडे जाऊ नये, एवढे मात्र मी मनापासून इच्छिले.

मोज्यांचे जे लिहिले ते सर्वांत वाईट. एका काटेकोर माणसाला मी माझ्या सोयीसाठी पुढे केले. त्यांना मी आजच वेगळे पत्र लिहिले असून सर्व हकिगत कळवली आहे.

तपक्याला परत पाठवायचे असेल तर तसे कळव. मी मुलाच्या घरातून निघून एखादी खोली बघेन. ठेवणार असशील तर त्याला आरंभापासून शिकवावे लागेल. उकडलेल्या कोंबडीचा तुकडा डबीशेजारी ठेव, दुसऱ्याला लपवू दे, त्याने दिसेनासे व्हावे, आणि तपक्या हुंगत असताना तू त्याच्याकडे पाठ कर. नाक शाबूत आहे. त्याला ते वापरण्याचे कारण मी दिले नाही.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मुलगा मला तुमच्या बाजूला आणू शकतो. तू ये म्हणालीस तर येईन.

मामा


३० मार्च

मामांस,

तपक्या राहील. हे तुमच्यासाठी नाही. ह्यांच्या पायांना आता दुसरं काम उरलेलं नाही, आणि त्या तिन्ही फेऱ्यांत त्याने मला फसवलं नव्हतं. तो फक्त विचारत होता.

पोस्टमनकाकांच्या दारात जाऊन माफी मागितली. तुमचं पत्र पोहोचलं होतं. ते म्हणाले, “पत्र आलं. पण ते मास्तरांचं. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, तर सगळ्यांसमोरच सांगा.” शनिवारी सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आता दर शनिवारी मी त्यांच्या हाताखाली इतरांसाठी डब्या लपवते आणि मोजे पाकिटात भरते.

नवी वही घातली आहे. पहिला रकाना ‘लपवणारा’, दुसरा ‘शोधणारा’. दोन्हींत एकच नाव आलं तर ओळ रद्द. मी पाठ करून उभी राहते. आधी तो पुढे येऊन माझं तोंड शोधायचा. काल पहिल्यांदा कंटाळून परत गेला, आणि मला त्याच्या हुंगण्याचा आवाज आला, लहान लहान, भराभर. वीसपैकी सात. मे महिन्यातल्या फेरीत आम्ही नाव घातलेलं नाही.

तुम्ही लिहिलंत की मी अट घातली म्हणून तुम्ही वही दाखवलीत. मी बरेच दिवस विचार केला. ‘याचं नाक काही कामाचं नाही, पण याला जागा नाही,’ असं तुम्ही म्हणाला असतात, तर मी त्याला घेतलं असतं का? माहीत नाही, मामा. कदाचित नसतंच घेतलं. पण ती चाचणी तुम्ही होऊच दिली नाहीत. उत्तर तुम्ही न मोजताच लिहून टाकलंत.

रविवारी या. चहा होईल, बोलणं किती होईल ते सांगता येत नाही. आल्यावर एक छोटा प्रयोग तुम्ही स्वतः करायचा आहे. कुठल्याही घरात, ओळखीच्या कुठल्याही कुत्र्यावर करता येतो, सामान लागत नाही. बिस्किटाचा तुकडा उजव्या मुठीत ठेवा. डावी मूठ रिकामी. दोन्ही मुठी कुत्र्याच्या नाकासमोर एकाच उंचीवर धरा. बोलायचं नाही. फक्त डोळे डाव्या मुठीवर ठेवायचे आणि तिकडे किंचित मान वळवायची.

तपक्या आधी उजवीपाशी थांबेल. नाकाने त्याला सांगितलेलं असेल. मग तो वर तुमच्या तोंडाकडे बघेल, तुमची नजर कुठे आहे ते पाहील, आणि डाव्या मुठीपुढे जाऊन बसेल.

ती रिकामी मूठ लगेच उघडू नका. आधी त्याच्या हलणाऱ्या शेपटीकडे बघा. मग उघडा.

भिंगरी